आधी पत्ता, मग तिकीट : मुंबईहून जर्मनीला शिकायला निघताना

माझी मुलगी मुलुंडच्या घरातून जर्मनीला निघाली तेव्हा तिच्या दोन्ही बॅगा काट्यावर नेमक्या 23 किलोच्या भरल्या होत्या, गोडा मसाला तीन पिशव्यांत बंद केला होता, सगळ्या कागदांच्या तीन-तीन प्रती काढल्या होत्या, आणि पहिल्या दोन महिन्यांसाठी घेतलेली खोली मात्र चुकीची निघाली. खोली स्वच्छ होती, विद्यापीठापासून ट्रामने दहा मिनिटांवर होती, भाडेही परवडणारे होते. परंतु घरमालक पत्त्याच्या नोंदणीसाठी लागणारा एक पानी फॉर्म सही करून द्यायला तयार नव्हता, आणि त्या एका कागदावाचून तिची पुढची सगळी कामे पाच आठवडे अडून राहिली. त्यानंतर आमच्या सोसायटीतल्या आणि नात्यातल्या अनेक मुलांची तयारी मी जवळून पाहिली. त्यावरून माझे मत पक्के झाले आहे की या प्रवासाची आखणी मुंबईच्या विमानतळापासून पुढे न करता तिथल्या पहिल्या पत्त्यापासून मागे करत यावी. पत्ता ठरला की तिकिटाची तारीख ठरते, तारीख ठरली की पैशांचे आणि कागदांचे वेळापत्रक बसवता येते, आणि बॅगांचा विचार सर्वांत शेवटी केला तरी चालतो.

पत्त्याचा कागद

जर्मनीत राहायला गेलेल्या प्रत्येकाने घरात राहायला लागल्यापासून दोन आठवड्यांच्या आत स्थानिक नागरी कार्यालयात आपला पत्ता नोंदवणे कायद्याने बंधनकारक आहे. या नोंदणीला ‘आनमेल्डुंग’ म्हणतात आणि तिच्यासाठी 2015 पासून घर देणाऱ्याचा लेखी दुजोरा लागतो. त्या फॉर्मचे नाव ‘वोनुंग्सगेबरबेश्टेटिगुंग’ असे लांबलचक आहे. पण फोड करून वाचले की ते लक्षात राहते, कारण वोनुंग म्हणजे घर, गेबर म्हणजे देणारा आणि बेश्टेटिगुंग म्हणजे दुजोरा. आपल्याकडे लिव्ह अँड लायसन्सचा नोंदणीकृत करार हाती असला की बहुतेक कामे निभावतात, म्हणून तिथेही भाडेकरार पुरेल असे आपण धरून चालतो. तिथे तो पुरत नाही. घरमालकाच्या सहीचा हा वेगळा कागदच मागितला जातो.

नोंदणीचे प्रमाणपत्र हाती आले की पुढची दारे उघडतात. अनेक बँका चालू खाते उघडण्यासाठी ते मागतात, आणि चालू खात्याशिवाय ब्लॉक खात्यातले आपलेच पैसे मिळत नाहीत. ब्लॉक खात्यात विद्यार्थ्याला वर्षभराच्या खर्चाचे 11,904 युरो आधी भरून ठेवावे लागतात आणि त्यांतून दरमहा 992 युरो चालू खात्यात सोडले जातात. निवास परवान्याचा अर्जही याच पत्त्याच्या विभागातील परदेशी नागरिक कार्यालयात करायचा असतो. म्हणजे एका सहीवर बँक, दरमहाचा खर्च आणि देशात राहण्याचा हक्क या तिन्ही गोष्टी अवलंबून आहेत. खोली पाहताना खिडकी कुठल्या बाजूला उघडते यापेक्षा ‘या पत्त्यावर आनमेल्डुंग करता येईल का आणि घरमालकाचा दुजोरा मिळेल का’ हा प्रश्न आधी विचारावा, आणि उत्तर ईमेलवर लेखी घ्यावे.

प्रवेशपत्र आले की व्हिसाची वाट न पाहता त्याच दिवशी विद्यार्थी वसतिगृहाचा अर्ज भरावा. तिथली वसतिगृहे बहुतांशी ‘श्टुडिएरेंडेनवेर्क’ नावाच्या, विद्यापीठाहून वेगळ्या असलेल्या संस्था चालवतात, त्यामुळे विद्यापीठात प्रवेश मिळाला म्हणजे खोली मिळाली असे होत नाही. प्रतीक्षा यादी लांब असते आणि काही शहरांत ती एका सत्राहून जास्त चालते. दुसरा मार्ग सामायिक घरातल्या एका खोलीचा. तिथे भाडे दोन प्रकारे सांगितले जाते : ‘काल्टमीटे’ म्हणजे नुसत्या जागेचे भाडे, आणि ‘वार्ममीटे’ म्हणजे तापवण्याचा, पाण्याचा आणि इमारतीचा खर्च धरून येणारे भाडे. तुलना नेहमी दुसऱ्या आकड्याची करावी. अनामत रक्कम कायद्याने नुसत्या भाड्याच्या तीन महिन्यांपेक्षा जास्त घेता येत नाही. एखादा घरमालक ‘मी सध्या दुसऱ्या देशात आहे, अनामत पाठवा, किल्ली कुरिअरने पाठवतो’ असे लिहीत असेल, तर संवाद तिथेच थांबवावा. या पद्धतीने फसलेली मुले माझ्या ओळखीत आहेत आणि त्यांचे पैसे परत आलेले नाहीत.

पक्की खोली मिळालीच नाही, तर महिन्या-दोन महिन्यांसाठी अशी तात्पुरती जागा घ्यावी जिथे नोंदणी करू देतात, मग ती थोडी महाग असली तरी चालेल. स्वस्त पण नोंदणी नसलेली जागा शेवटी महागात पडते, हे आम्ही भोगले आहे.

नाव, व्हिसा आणि पैसे

भारतीय विद्यार्थ्यांना जर्मन व्हिसासाठी 1 नोव्हेंबर 2022 पासून एपीएस प्रमाणपत्र आवश्यक झाले आहे. त्याचे शुल्क 18,000 रुपये आहे आणि त्यात आपल्या शैक्षणिक कागदपत्रांची पडताळणी होते. ज्यांना प्रवेश मिळाला आहे त्यांनी हा टप्पा बहुधा ओलांडलेला असतो. मला सांगायचे आहे ते नावाविषयी. आपल्या गुणपत्रिकांवर अनेकदा आधी आडनाव, मग विद्यार्थ्याचे नाव, मग वडिलांचे नाव आणि शेवटी आईचे नाव छापलेले असते. पासपोर्टवर आडनाव वेगळ्या रकान्यात आणि विद्यार्थ्याचे व वडिलांचे नाव एकत्र असते. परक्या माणसाला या दोन कागदांवरच्या व्यक्ती वेगळ्या वाटू शकतात. म्हणून विद्यापीठाचा अर्ज, विमा, ब्लॉक खाते, विमानाचे तिकीट आणि भाडेकरार या सगळ्यांवर पासपोर्टवरचेच नाव, त्याच स्पेलिंगमध्ये आणि त्याच क्रमाने द्यावे. ‘देशपांडे’ किंवा ‘वाघ’ यांच्या स्पेलिंगमध्ये एखादे अक्षर कमी-जास्त झाले तर मुंबईतच नोटरीकडून दोन्ही नावे एकाच व्यक्तीची असल्याचे प्रतिज्ञापत्र करून घ्यावे. तिथे गेल्यावर ते करून घेणे फार अवघड जाते.

व्हिसा लागून पासपोर्ट परत आला की घरच्यांना फोटो पाठवण्याआधी त्यावरचे नाव, जन्मतारीख आणि वैधतेच्या दोन्ही तारखा नीट वाचाव्यात. हा व्हिसा बहुधा तीन ते सहा महिन्यांचाच असतो, आणि तो ज्या दिवशी सुरू होतो त्याच्या आधी त्या देशात पाय ठेवता येत नाही. स्वस्त मिळाले म्हणून आधीचे तिकीट काढून ठेवलेल्यांना ते नंतर बदलावे लागले आहे.

पैशांबाबत तीन आकडे लक्षात ठेवावेत. रिझर्व्ह बँकेच्या योजनेनुसार एका व्यक्तीला एका आर्थिक वर्षात अडीच लाख अमेरिकी डॉलरपर्यंत रक्कम बाहेर पाठवता येते, आणि प्रवासाला जाताना रोख परकीय चलन 3,000 डॉलरच्या मूल्यापर्यंतच नेता येते. एप्रिल 2025 पासून अशा रकमांवर 10 लाख रुपयांपर्यंत टीसीएस, म्हणजे पैसे पाठवतानाच कापून घेतला जाणारा कर, लागत नाही. त्यापुढच्या रकमेवर तो कापला जातो, मात्र मान्यताप्राप्त संस्थेच्या शैक्षणिक कर्जातून पैसे जात असतील तर तिथे तो लागत नाही. कापलेला कर ज्याच्या पॅनवर रक्कम पाठवली त्याच्याच विवरणपत्रात जमा होतो, म्हणून पैसे आईच्या नावाने पाठवायचे की वडिलांच्या, हे आधी ठरवावे. रोख 300 ते 400 युरो न्यावेत आणि तेही दहा-वीसच्या नोटांत, कारण छोटी दुकाने अजून रोखीवर चालतात आणि 200 युरोची नोट बेकरीत कोणी घेत नाही.

सरकारी विद्यापीठांत बहुतेक राज्यांत शिकवणी शुल्क नसते. बाडेन-व्युर्टेमबेर्ग हे राज्य मात्र युरोपीय संघाबाहेरच्या विद्यार्थ्यांकडून 2017 पासून सत्राला 1,500 युरो घेते. सत्राचे अंशदान, म्हणजे दर सत्राला विद्यापीठाकडे भरायची ठरावीक रक्कम, मात्र सर्वत्र भरावे लागते आणि ते ठरलेल्या मुदतीत पोचले नाही तर प्रवेश निश्चित होत नाही.

एक छोटी पण मोलाची गोष्ट म्हणजे भारतातला मोबाइल क्रमांक. इथल्या बँकेचे सगळे ओटीपी त्यावरच येतात. आंतरराष्ट्रीय रोमिंग निघण्याआधी सुरू करून घ्यावे, सर्वांत छोटा वैध रिचार्ज घरच्यांनी नियमित करत राहावे आणि कार्ड दुसऱ्या स्लॉटमध्ये कायम ठेवावे. मुलीच्या वर्गातल्या एका मुलाचा क्रमांक रिचार्जअभावी बंद झाला आणि त्याला इथल्या खात्यात महिनाभर शिरता आले नाही.

तारीख कशी ठरवावी

विद्यापीठांचे हिवाळी सत्र 1 ऑक्टोबरला आणि उन्हाळी सत्र 1 एप्रिलला सुरू होते, तर प्रत्यक्ष वर्ग साधारणपणे त्या महिन्याच्या मध्यावर भरू लागतात. उपयोजित शिक्षणाच्या ‘होखशूले’ संस्थांमध्ये हे सारे बहुधा महिनाभर आधी होते. वर्ग सुरू होण्याच्या किमान दोन आठवडे आधी पोचावे. उतरण्याचा दिवस सोमवार ते बुधवारमधला निवडावा, कारण जर्मनीत रविवारी किराणा दुकाने, मॉल आणि कार्यालये बंद असतात. शनिवारी रात्री पोचलेल्या विद्यार्थ्याला सोमवार सकाळपर्यंत बादली, चादर किंवा दुधाची पिशवीही विकत मिळणे कठीण. 3 ऑक्टोबरला तिथे राष्ट्रीय सुट्टी असते, तीही टाळावी.

नेमक्या याच दिवसांत आपल्याकडे पितृपंधरवडा येतो आणि घरातली वडीलधारी माणसे त्या काळात निघू नये म्हणतात. त्यांच्या मनाला लागू देऊ नये आणि विद्यापीठाची मुदतही चुकवू नये, यासाठी आपल्याच परंपरेत चांगली सोय आहे : प्रस्थान ठेवणे. चांगल्या दिवशी प्रवासाच्या सामानातली एखादी वस्तू, एखादा कपडा किंवा सुपारी शेजारच्या घरी नेऊन ठेवायची आणि प्रत्यक्ष निघताना ती तिथून उचलायची. माझ्या सासूबाईंनी मुलीची शाल शेजारच्या काकूंकडे पाच दिवस आधी ठेवली होती, आणि मुलगी निघाली तेव्हा त्या शांत होत्या.

गणेशोत्सवात निघायचे असेल तर विसर्जनाचे दिवस पाहून घ्यावेत. दीड दिवसाच्या, पाचव्या, सातव्या आणि अनंत चतुर्दशीच्या संध्याकाळी ठाणे-मुलुंडकडून सहारच्या विमानतळावर पोचायला नेहमीच्या दुप्पट वेळ धरावा.

तिकीट काढताना सगळा प्रवास एकाच तिकिटावर असावा, म्हणजे जोडविमान चुकले तरी पुढे पोचवण्याची जबाबदारी विमान कंपनीची राहते. वाटेत युरोपातल्या दुसऱ्या शेंगेन देशात (ज्यांच्या आपसांतल्या सीमांवर सहसा पासपोर्ट तपासत नाहीत अशांपैकी एकात) विमान बदलायचे असेल तर इमिग्रेशन तिथेच होते, म्हणून मध्ये किमान तीन तास हवेत. मुंबईहून युरोपकडे जाणारी बरीच विमाने मध्यरात्रीनंतर सुटतात, आणि सगळ्यांत वाईट चूक इथेच होते. तिकिटावर 28 तारीख, 1.50 वाजता असे लिहिले असेल, तर घरातून 27 तारखेच्या रात्री नऊच्या सुमारास निघायचे असते. सत्यनारायण, निरोपाचे जेवण, मामाकडचा केळवणासारखा थाट, सगळे 28 च्या हिशेबाने ठरवलेले एक कुटुंब आमच्याच इमारतीत होते. तिकीट हाती आले की कॅलेंडरवर ‘27 ची रात्र’ असे मोठ्या अक्षरांत लिहावे.

बॅगेत काय, आणि काय अजिबात नाही

युरोपीय संघात बाहेरून येणाऱ्या प्रवाशांना मांस, दूध आणि त्यांचे पदार्थ सोबत आणायला मनाई आहे. म्हणजे साजूक तूप, पेढे, बर्फी, खवा, श्रीखंड यांतले काहीही नेऊ नये. आई-आजींना हे ऐकून वाईट वाटते, मला स्वतःला वाटले होते. पण कस्टममध्ये तो डबा उघडून फेकला जाण्यापेक्षा देवापुढचा पेढा निघताना घरीच तोंडात घालावा. ताजा कढीपत्ता, मिरच्या आणि एप्रिलच्या सत्राला जाणाऱ्यांना मोह होतो तो हापूस, हेही रोगमुक्ततेच्या प्रमाणपत्राशिवाय चालत नाहीत. गोडा मसाला, मेतकूट, थालिपिठाची भाजणी, आमसुले, सुकवलेला कढीपत्ता, पापड आणि चिवडा खुशाल न्यावेत. विमान आखाती देशातून जाणार असेल तर मसाल्यात खसखस नाही याची खात्री करावी, कारण संयुक्त अरब अमिरातीसारख्या देशांत ती बंदी असलेली वस्तू आहे.

लोणचे न्यायचे असेल तर ते केबिनमध्ये नेऊ नये. चेक-इन बॅगेसाठी ते काचेच्या बरणीतून प्लास्टिकच्या फिरकीच्या बरणीत काढावे, वर दोन बोटे जागा रिकामी ठेवावी, तोंडावर प्लास्टिकचा तुकडा ताणून त्यावर झाकण फिरवावे, झाकणाच्या कडेभोवती चिकटपट्टीचे तीन वेढे द्यावेत, बरणी झिपच्या पिशवीत आणि ती पिशवी स्टीलच्या डब्यात घालून तो डबा जुन्या टॉवेलात गुंडाळून बॅगेच्या मधोमध ठेवावा. एवढे केल्यावर आमच्या एकाही बॅगेत तेल सांडलेले नाही.

तीन लिटरचा कुकर न्यावा, त्याची शिट्टी आणि एक जादा रबरी गास्केट त्याच्याच पोटात ठेवावे. विजेचा दाब तिथेही 230 व्होल्टच आहे, त्यामुळे आपली उपकरणे चालतात. फक्त आपल्या तीन पिनांच्या प्लगसाठी अडॅप्टर लागतो. पॉवर बँक कधीही चेक-इन बॅगेत टाकू नये, ती केबिनमध्येच न्यायची असते आणि 100 वॉट-अवरपर्यंतची चालते. जाड कोट मुंबईतून विकत घेण्यात अर्थ नाही; इथे मिळणारे बहुतेक कोट तिथल्या जानेवारीला पुरत नाहीत. एक बरे जाकीट आणि दोन थर्मल एवढे घेऊन जावे, बाकी तिथे घ्यावे. चष्म्याची दुसरी जोडी मात्र इथूनच करून घ्यावी आणि दाताचे राहिलेले काम निघण्याआधी संपवावे. नेहमीची औषधे तीन महिन्यांपुरती, डॉक्टरांच्या इंग्रजी चिठ्ठीसह आणि औषधाच्या मूळ नावासह न्यावीत.

मूळ गुणपत्रिका, प्रवेशपत्र, ब्लॉक खात्याचे पत्र, विम्याचे पत्र आणि पहिल्या पत्त्याचा करार हे सारे पाठीवरच्या बॅगेत राहावे. इमिग्रेशनचा अधिकारी यांतले काहीही पाहायला मागू शकतो आणि त्या वेळी मोठी बॅग पट्ट्यावर असते.

निघण्याची रात्र आणि पहिला आठवडा

छत्रपती शिवाजी महाराज आंतरराष्ट्रीय विमानतळाच्या टर्मिनल 2 च्या दारावर जवान तिकीट आणि पासपोर्ट पाहूनच आत सोडतात, त्यामुळे निरोप बाहेरच घ्यावा लागतो. विमानाच्या वेळेआधी चार तास पोचावे. बॅगा ट्रॉलीवर चढल्या, कागदांची पिशवी पाठीवर आहे हे एकदा हाताने चाचपून पाहिले, की पाया पडून लगेच आत जावे. दारात उभे राहून निरोप लांबवला की मागची रांग थांबते आणि मुलांचे पाय अधिकच जड होतात.

फ्रँकफर्टला उतरणाऱ्यांसाठी विमानतळालाच लांब पल्ल्याच्या गाड्यांचे स्थानक आहे, तर म्युनिकला आधी एस-बान या लोकलने शहरातल्या मुख्य स्थानकावर जावे लागते. ठरावीक गाडीलाच चालणारे स्वस्त रेल्वे तिकीट विमान उतरण्याच्या वेळेला चिकटून काढू नये. निदान तीन तासांचे अंतर ठेवावे, नाहीतर विमानाला उशीर होताच ते वाया जाते.

पोचल्यावर पहिल्या दोन दिवसांतच नोंदणीची वेळ घ्यावी, किंबहुना अनेक शहरांत ती मुंबईतूनच ऑनलाइन घेता येते आणि तशी घेतलेली बरी. तिशीच्या आतल्या विद्यार्थ्यांना सार्वजनिक आरोग्य विम्याचा विद्यार्थी दर मिळतो. तो विमा झाल्याची सूचना विमा संस्था विद्यापीठाला परस्पर पाठवते आणि त्याशिवाय नावनोंदणी पूर्ण होत नाही. निवास परवान्याची तारीख मिळायला महिने लागू शकतात, म्हणून पत्ता नोंदवला की त्याच दिवशी अर्ज करावा. व्हिसा संपण्याआधी अर्ज गेलेला असेल तर निर्णय होईपर्यंतचे वास्तव्य कायदेशीर राहते, आणि तसे प्रमाणपत्रही मागून घेता येते. घरी फोन करताना भारत साडेतीन तास पुढे आहे हे धरावे. ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी तिथली घड्याळे तासभर मागे जातात आणि मग हे अंतर साडेचार तासांचे होते.

त्यानंतर टपालाने पत्रे येऊ लागतात. सार्वजनिक रेडिओ-दूरचित्रवाणीच्या शुल्काचे पत्र येते. हे शुल्क प्रत्येक घराला दरमहा 18.36 युरो लागते, आणि पत्र जाहिरात समजून फेकून दिले तर मागणी दंडासह परत येते. काही आठवड्यांनी कर ओळख क्रमांकाचे पत्र येते, जे अर्धवेळ कामाला लागते. अशा कामाची मर्यादा 2024 पासून वर्षाला 140 पूर्ण किंवा 280 अर्धे दिवस आहे. परंतु टपालपेटीवर आणि घंटीवर आपले आडनाव नसेल तर पोस्टमन ही सगळी पत्रे परत नेतो. सोसायटीच्या पाटीवर नाव नसले तरी वॉचमन पत्र घरी आणून देतो, ही मुंबईची सवय तिथे उपयोगी पडत नाही. म्हणून आडनाव ठळक छापलेल्या दोन कागदी पट्ट्या आणि थोडी चिकटपट्टी पाठीवरच्या बॅगेच्या बाहेरच्या खिशात ठेवावी, आणि किल्ली हाती आली की बॅगा वर नेण्याआधी ते नाव पेटीवर लावावे.